भाऊजींची माळ

माझे दीर मोटार कानानं ओळखायचे. संत्र्याच्या बागेवरचा कोणी विहिरीची मोटार टेम्पोत टाकून बडनेऱ्याच्या मोटार-दुरुस्तीच्या दुकानात आला, की भाऊजी झाकण उघडायच्या आधी ती नुसती चालू करायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि सांगायचे, बेरिंग गेलं की वायंडिंग जळलं. उघडल्यावर तेच निघायचं. मालकही त्यांना मानायचा. मी लग्न होऊन नवीन आले तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

म्हणून एका उन्हाळ्यात जेवताना ते म्हणाले, "वयनी, हा पंखा माह्यावर बोलून राह्यला," तेव्हा मला वाटलं पंखा दुरुस्तीला आलाय.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणते, तू चोर हायेस."

"मग तेल घाला त्याच्या तोंडात," मी म्हटलं आणि हसले. तेही हसले. माझी मुलगी काही न कळता हसली. पुढं डॉक्टरांनी विचारलं की हे कधी सुरू झालं, तेव्हा मला ते जेवण आठवलं आणि आपण हसलो होतो हे सांगायची लाज वाटली.

मी राजापूरकडची. सातवीत शाळा सुटली, कारण आई अंथरुणाला खिळली आणि हायस्कूल खाडीच्या पलीकडं होतं. माझे मिस्टर रेल्वेच्या ठेकेदाराकडं तारा ओढायच्या कामावर आमच्या भागात आले होते, तिथं जुळलं. लग्नानंतर ठेकेदार त्यांना नेईल तिकडं ते, आणि मी इथं बडनेऱ्यात सासूबाईंजवळ. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांना कमी दिसतं. मी शाळेत पोरांची खिचडी शिजवते. भाऊजी माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, पण मला "तू" म्हणतात. आमच्याकडं दीर वहिनीला असं म्हणत नाहीत, म्हणून आधी टोचायचं. मग कळलं, इथं जवळच्या माणसाला असंच म्हणतात.

दारू ते आधीही प्यायचे, दुकानातले सगळेच प्यायचे. पण त्या उन्हाळ्यापासून ते सकाळी कामावर जायच्या आधी प्यायला लागले. मी रागावले, रडले, मिस्टरांना फोन करीन म्हणाले. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "दोन घोट गेले का थे बोलनं बारीक होते, वयनी. रेडिओचा आवाज कमी करते ना मानूस, तसं." माझ्या दृष्टीनं दारू हा आजार होता. त्यांच्या दृष्टीनं ते औषध होतं, आणि ते खरंच लागू पडत होतं.

पुढचं वर्षभर मी त्यांना दोन दारांत फिरवलं. अमरावतीच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात फॉर्म भरताना तिथल्या माणसानं विचारलं, "कानात आवाज-बिवाज येतात काय?" मी खरं सांगितलं. त्यानं रजिस्टर मिटलं. "ताई, आमच्याकडं फक्त दारूचे पेशंट. याईले डोक्याचा डाक्टर पायजे." डोक्याच्या एका खाजगी डॉक्टरांकडं गेलो, तर कंपाउंडरनं दारातच वास घेतला. "पिऊन आलेल्या मानसाले साहेब पाहत नाई. आधी दारू सोडवून आना." मग पुन्हा दुसरं केंद्र, पुन्हा दुसरा डॉक्टर. दारू सोडवायला डोकं ठिकाणावर पाहिजे आणि डोकं ठिकाणावर यायला दारू सुटली पाहिजे. दोन्ही दारांत मी "बरं साहेब, उपकार झाले" म्हणून परत फिरत होते. भाऊजी रस्त्यात म्हणाले सुद्धा, "कायचे उपकार वो? हाकललं त्यानं आपल्याले."

ते खरं होतं. पण लांबच्या माणसाला तशी सवय लागते. कोणी रस्ता दाखवला, बाकावर सरकून जागा दिली, तरी आपण त्याचं देणं लागतो असं वाटतं. आणि ज्याचं देणं लागतो त्याला उलटून प्रश्न विचारायचा धीर होत नाही.

शेवटी आमच्या शाळेतल्या एका मॅडमनी सांगितलं, सरकारी दवाखान्यात जा, तिथं मनाच्या आजाराची ओपीडी असते. तिथले डॉक्टर तरुण होते. भाऊजींच्या तोंडाला वास येत होता तरी त्यांनी खुर्ची दिली. त्यांना विचारलं, मला विचारलं, कागदावर लिहिलं. मला इतकं भरून आलं की मी तीनदा हात जोडले. त्यांनी गोळ्यांबद्दल काहीतरी सांगितलं असणार. मी मान हलवत होते. बाहेर येईपर्यंत माझ्या डोक्यात एवढंच होतं की कोणीतरी बसवून घेतलं.

दीड महिन्यात पंखा नुसता पंखा झाला. भाऊजींनीच सांगितलं, "आता गप हाये थो." दारू कमी झाली, बंद नाही. पण ते पुन्हा दुकानात जाऊन मान तिरकी करून मोटारी ऐकायला लागले. गोळ्या संपल्या की मी चिठ्ठी घेऊन मेडिकलवर जायचे. दुकानदार चिठ्ठी निरखून बघायचा, तिच्यावर शिक्का मारायचा, मगच पाकीट द्यायचा. एकदा शेजारी उभा असलेला एक जण म्हणाला, "ताई, नशेच्या गोळ्या हायेत ह्या. आमच्या मोहल्ल्यातले पोट्टे खातेत." मी पाकीट पदराखाली घेतलं. घरी येऊन तांदळाच्या डब्यात लपवलं. ती पोरं खातात ती कुठली गोळी, ही कुठली, मी कोणाला विचारलं नाही.

आत्यांच्या मनात माळ होती. भातकुलीच्या पुढं एका गावात एक बुवा आहेत. शेती करतात, भजन करतात, नारळाशिवाय काही घेत नाहीत. त्यांनी माळ घातलेली किती तरी माणसं दारूतून उठलेली मी स्वतः पाहिली आहेत, त्यामुळं मी त्यांना नावं ठेवणार नाही. भाऊजी आपणहून तयार झाले. "मले सोडायची हाये, वयनी. तुले वाटते मले मजा येते?"

एकादशीला आम्ही तिघं गेलो. देवळापुढच्या मांडवात तीस-पस्तीस माणसं असतील. त्या मंडळाची रीत अशी, की माळ घेणाऱ्यानं स्वतः बोलायचं नाही. घरातल्या एकानं त्याच्या शेजारी उभं राहायचं आणि तो काय काय सोडतोय ते सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं. सांगितलेलं सगळं माळेत बांधलं जातं. आत्यांचा आवाज फुटेना. मी उभी राहिले.

"सांगा बाई," बुवा म्हणाले.

"दारू," मी म्हटलं. "तंबाखूचा खर्रा."

"आनखी? लपवू नोका. आज लपवलं का माळ टिकत नाई."

माझ्या डोळ्यांपुढं तांदळाचा डबा आला. इतकी माणसं बघत होती. ज्याच्यासाठी वर्षभर वणवण केली ते आता माझ्या एका लपवाछपवीनं बुडेल अशी भीती वाटली.

"गोळ्या आहेत," मी म्हटलं. "झोप येते त्यांनी. नशेच्या म्हणतात."

"मंग थ्याबी," बुवा म्हणाले.

भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं. पण त्यांनी बोलायचं नव्हतं. बुवांनी माळ घातली, लोकांनी टाळ वाजवले, आत्या रडल्या. दुसऱ्या दिवशी मी डब्यातलं पाकीट काढून नालीत टाकलं.

पहिले तीन दिवस ते थरथरत होते. हातात कप धरता येईना. मग उतरलं. मग खरंच सुटली. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "कोकनवालीनं दीर सुधरवला, बावा! आमच्या घरच्यालेबी पाह्य ना जरा." मिस्टर फोनवर रडले. मी शिरा करून पाच घरी वाटला. त्या दिवसांत माझ्याएवढी सुखी बाई बडनेऱ्यात नसेल.

पाचवा आठवडा असेल. मी शाळेतून आले, तर भाऊजींनी पंखा खाली उतरवला होता. अंगणात पोतं अंथरून त्यावर त्याचा एकेक भाग मांडला होता, आणि आतली सगळी तांब्याची तार उकलून बाजूला ढीग केला होता. घामानं निथळत होते. गळ्यात माळ. तोंडाला कसलाही वास नाही.

"पाह्यलं का, वयनी," ते म्हणाले. "आत कोनी नाई. मंग बोलते कोन?"

तोपर्यंत काहीही झालं की आम्ही दारूवर ढकलत होतो. आता ढकलायला काही उरलं नव्हतं.

आत्या म्हणाल्या, माळेची परीक्षा आहे, होईल शांत. मी आठ दिवस थांबले. त्या आठ दिवसांत त्यांनी दुकान सोडलं, आंघोळ सोडली, माझ्या हातची भाजी आधी मला खायला लावून मग खाऊ लागले. मी जुनी चिठ्ठी घेऊन सरकारी दवाखान्यात गेले, पुन्हा त्याच गोळ्या आणल्या. हातावर गोळी ठेवली तशी त्यांनी मूठ झटकली.

"तूच सांगतलं ना चारचौघात? आता तूच खाय म्हनतेस?"

"माझं चुकलं, भाऊजी. ती नशा नव्हती."

"माळेत बांधली थे. मोडली तर मायचं काही झालं म्हंजे? तू भरून देशील?"

कोपऱ्यात आत्या बसल्या होत्या. त्यांनी "खाय रे बाबू" म्हणायला तोंड उघडलं, पण म्हटलं नाही. त्यांनाही भीती वाटत होती. मलाही.

नणंद अकोल्याला असतात. त्यांनी फोनवर सांगितलं, "इकडं आन त्याले. इथं मोठ्या सरकारी दवाखान्यात एक मॅडम बुधवारी बसतेत. दारूचं अन् डोक्याचं एकाच खोलीत पाहतेत." मी पुन्हा विचारलं, एकाच खोलीत? वर्षभर मी हेच शोधत होते आणि ते पॅसेंजरनं दोन तासांवर होतं.

बहिणीकडं जायचं म्हणून भाऊजी गाडीत बसले. मूर्तिजापूर येईपर्यंत कानांवर हात. तिथं ते एकदम उतरून फलाटावर चालायला लागले. मी मुलीला कडेवर घेऊन मागं. आलुबोंडे विकणाऱ्या एका बाईनं त्यांना हटकलं, "ओ भाऊ, गाडी तुमच्या बापाची हाये का थांबाले? बसा की आत!" आणि ते मुकाट्यानं बसले. माझं ते ऐकत नव्हते, तिचं ऐकलं. मी खिडकीतून तिला हात जोडले.

अकोल्याच्या मॅडमनी भाऊजींना आधी आवाजाबद्दल विचारलं, मग दारूबद्दल. मग कागद चाळून माझ्याकडं पाहिलं. "ह्या गोळ्या कधी बंद झाल्या?"

मी सगळं सांगितलं. मांडव, डबा, नाली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "ही गोळी म्हणजे नशा नव्हे. दारूचा आणि ह्याचा इलाज बरोबरच चालतो, एक थांबवून दुसरा नाही. हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं की नव्हतं, ते मला आजही सांगता येत नाही.

भाऊजींना त्या म्हणाल्या, "माळ राहू द्या, चांगलीच आहे. फक्त गोळी घ्या."

"मॅडम, माळेचं तुमी नाई सांगू शकत," भाऊजी म्हणाले. "बुवा सांगतीन."

म्हणून परत भातकुलीच्या पुढं. बुवा शेतातून आले, पाय धुतले, ऐकून घेतलं. कपाळाला हात लावला. "बाई, मले काय माहीत थे दवाखान्याचं औषध हाये म्हनून? तू नशेच्या म्हनलीस." मग भाऊजींकडं वळले. "खाय बाप्पा गोळी. माह्यी आज्ञा हाये."

आपलं काम झालं असं मला वाटलं. मी खाली वाकून नमस्कार करणार, तेवढ्यात भाऊजी मागं सरकले.

"ह्यायच्या तोंडातून थोच बोलून राह्यला, वयनी. थोच आवाज हाये."

बुवांचा चेहरा उतरला. त्यांना इतकी वर्षं कोणी असं म्हटलं नसेल. आता डॉक्टरचं चालत नव्हतं, बुवांचं चालत नव्हतं, माझं तर कधीच बुडालं होतं. ज्या माळेनं गोळी अडवली होती ती काढायला कोणाचा आवाज आणायचा? मी तिथं ओट्यावर बसले आणि मला खरंच वाटलं, आता ह्यांना इथंच सोडावं आणि मुलीला घेऊन राजापूरची गाडी धरावी. मनात किती वेळ चाललं होतं कोण जाणे. मुलगी पाणी मागत होती आणि मी उठत नव्हते.

उठले आणि म्हणाले, "बुवा, ही काढा आणि मला घाला. मोडायची नाही. ह्यांच्या बदली मी पाळते."

"माळ असी बदलत नाई, बाई."

"सांगितलं मी होतं. बांधलं मी. मग माझ्याच गळ्यात राहू द्या."

बुवांनी माझ्या गळ्याकडं पाहिलं. मग विचारलं, "तुमच्याकडं मासोळी खातेत ना?"

"खातात."

"सुटन?"

"सुटेल."

त्यांनी भाऊजींच्या गळ्यातली माळ काढली, धुतली आणि मला घातली. भाऊजी टक लावून बघत होते. बुवांच्या घरच्या बाईनं तांब्या दिला. भाऊजींनी माझ्या हातावरची गोळी उचलली, हुंगून पाहिली आणि गिळली. आत्यांना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुले काही झालं म्हंजे?" माझ्या बाजूनं कोणी घाबरलं, ते पहिल्यांदाच.

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण माळ गळ्यातून गेली तशी दारूची आडकाठीही गेली. गोळीही चालू आणि पंधरा दिवसांत बाटलीही चालू. मॅडमनी त्यांना वॉर्डात ठेवून घेतलं. सोळा दिवस. नीट होऊन आले, महिना काढला, घसरले. पुन्हा वॉर्ड. आता तिसरी वेळ होऊन गेली. मॅडम म्हणतात हे असंच असतं, एका दमात कोणी चढत नाही, पण तुम्ही आणत राहा. मी आणत राहते. दुकानात त्यांच्या जागी दुसरा माणूस आहे. त्याला मोटार उघडल्याशिवाय काही कळत नाही, पण तो रोज येतो. आईनं फोनवर माळेचं ऐकून विचारलं, "तू गो कसलं पाप केलंस?" तिला काय सांगू. दोन वर्षं झाली, मी तिकडं गेलेली नाही. मी गेले तर गोळी कोण देणार, आणि दिलेली तोंडात राहिली की गेली ते कोण बघणार.

गेल्या बुधवारी आम्ही बडनेऱ्याच्या फलाटावर होतो. गोळ्या आदल्या दिवशीच संपल्या होत्या. गाडी आली आणि भाऊजी बाकावरून उठेनात. "तू जाय. मी बसतो इथंच." मी गेले असते तर ते बाहेरच्या दारूच्या दुकानात शिरले असते, हे मला माहीत होतं. राहिले तर गोळ्या नव्हत्या. मी राहिले. त्यांच्या बाजूला बसले. दीड तासानं दुसरी गाडी आली तेव्हा ते आपणहून उठले, का ते त्यांनाच माहीत. अकोल्याला पोचलो तर दवाखान्यात नाव नोंदवून चिठ्ठी देतात ती खिडकी बंद झाली होती. आतल्या बाईंनी काचेमागून हात हलवला, पुढच्या बुधवारी.

माझ्या तोंडात आभार आलेच होते. बाहेर पडले नाहीत, एवढंच.

नणंदेनं जुना कागद घेऊन तीन मेडिकल पालथी घातली, तेव्हा एकानं चार दिवसांच्या गोळ्या दिल्या. त्याही रविवारी संपल्या.

आज सकाळी नणंदेचा फोन आला. भाऊजी दाराशी पायरीवर बसले होते, मला दिसतील असे, कारण मी तसं सांगितलं होतं.

"कसा हाये?" नणंदेनं विचारलं.

मी बोलायच्या आत भाऊजी ओरडले, "ताईले सांग, आज पेलो नाई म्हना!"

"आणि काल?" मी फोनवर हात ठेवून विचारलं.

त्यांनी जमिनीकडं पाहिलं. "कालचं नोको सांगू."

बुधवारी मॅडम विचारतील तेव्हा कालचंही सांगावं लागेल. परवाचंही. तिथं लपवून चालत नाही. पण नणंदेला मी आजचंच सांगितलं. तेव्हा नऊ वाजले होते, आणि ऊन अजून पायरीपर्यंत आलं नव्हतं.